मूठभर फुटाणे आणि वर गेलेलं राज्य

जनावरांना शिकार करण्यापेक्षा भाषण करणं सोपं वाटू लागलं, त्या काळातली ही गोष्ट. एका रानात ढाण्याराव वाघाचं राज्य होतं. त्याचं सिंहासन दोराला टांगलेलं असायचं. वाघाच्या बैठकीला सिंहासन का म्हणायचं, हे तिथं कुणी विचारत नसे. एका अस्वलानं विचारलं होतं. ते आता दुसऱ्या रानात असतं.

दोर पिंपळाच्या फांदीवरून खाली यायचा आणि जाड ओंडक्यावर ओळीनं बसलेली माकडं तो ओढायची. सिंहासन जितकं वर, तितकी रानाची प्रगती. दोरावर धामणबाई लांबलचक पसरलेली असे, धरायची जागाच झाकून. ती सरकारी खात्यातली. राजवाड्यातून पानाला चिमूटभर चुना आला की ती कूस बदलायची, जागा मोकळी व्हायची आणि ओढकाम सुरू.

माकडांची मुकादमीण होती ठकूबाई. तिची आई मुकादमीण, आजी मुकादमीण. तिच्यासमोर वाघसुद्धा जांभई देताना तोंडावर पंजा ठेवायचा. तिच्या घराण्याचा दंडक एकच: मूठ आवळायची, खेचायचं, आणि फुटाणा पोटात गेल्याशिवाय मूठ उघडायची नाही. नाहीतर एखादं मेलं पाठ खाजवायला दोर सोडायचं. तोंडात टाकलेला फुटाणा खाल्ला की मूठ सुटायची, ठकूबाई ‘हात पुढे’ अशी हाळी द्यायची, की पुढची पकड. पिढ्यानपिढ्या हे चाललेलं, त्यामुळे आता मनात आणलं तरी फुटाण्यावाचून कुणाची मूठ उघडेना.

निवडणूक जवळ आली. सदोबा कोल्हा प्रधान होता. त्यानं कोठारातले फुटाणे सभांना येणाऱ्या गाढवांना वाटून टाकले, आणि कोठार रिकामं झाल्यावर त्याला काटकसर सुचली.

“फुटाणे कशासाठी लागतात? सोडण्यासाठी,” तो भर सभेत म्हणाला. “आपल्याला सोडायचंय का? नाही. मग फुटाणे बंद. सोडणे बंद, प्रगती अखंड.”

गाढवांनी माना हलवल्या. गाढवांची मान तशीही हलतेच, पण नोंद पाठिंबा म्हणून झाली.

ठकूबाईनं सदोबाला तोंडावर सांगितलं की बाबा, अक्कल वाटत होते तेव्हा तू कोंबड्यांमागे होतास. तिला प्रगतीची वैरीण ठरवण्यात आलं. चुना आला, धामणबाई सरकली, सवयीच्या हातांनी दोर धरला आणि खेचला. झालं. मुठी बसल्या त्या बसल्याच. सिंहासन गांधीलमाश्यांच्या पोळ्याशेजारी वाकडं लटकून राहिलं. वर जाईना, खाली येईना. सदोबानं लगेच दवंडी पिटली: रानाला स्थिर सरकार लाभलं आहे.

या स्थैर्यात ठकूबाईची लेक हौसा अडकली होती. ओली बाळंतीण. दोन्ही मुठी दोराला, आणि पिल्लू पोटावरून घसरतंय. ठकूबाई ते लेकीच्या छातीशी धरून उभी राहिली. पण हात म्हातारे, किती वेळ धरणार? आपला डोळा लागला की पिल्लू खाली दगडावर, हे तिला कळत होतं. कोठारात उंदरालाही दाणा नव्हता. फुटाण्यांचं एकच पोतं उरलं होतं, ते महाराज सिंहासनावर लोड म्हणून टेकायला वापरत.

“महाराज,” तिनं खालून हाक दिली, “ते पोतं तेवढं खाली टाका.”

“म्हणजे सगळे सोडणार आणि मी पडणार.”

“सगळी एकदम कशाला सोडतील? चार सोडतात तेव्हा दहा धरून असतात. आमचं कामच तसं आहे.”

“माझ्या पक्षात एकदमच सोडतात,” ढाण्याराव म्हणाला. अनुभवाचा माणूस, म्हणजे वाघ.

मग ठकूबाईनं त्याला बगळा वैद्याकडून ऐकलेलं सांगितलं. तुमच्या मांडीतही हाच कारखाना आहे, महाराज. अ‍ॅक्टिन नावाचा दोर, आणि मायोसिन नावाची बारकी ओढकरी मंडळी. धरतात, खेचतात, दाणा मिळाला की सोडतात, पुन्हा पुढे धरतात. म्हणून पाय उचलतो. “मेलेलं जनावर ताठ का होतं? आतला दाणा संपतो, मुठी सुटत नाहीत. ताठ झालं म्हणजे बळकट झालं असं नव्हे.”

ढाण्यारावानं त्यातलं ‘ताठ’ एवढंच ऐकलं आणि तो खूश झाला.

पण वर त्याला जेवण पोचेना. दुसऱ्या दिवशी भुकेनं त्यानं पोतं फाडलं आणि वाघाच्या जातीला न शोभणारं काम केलं: फुटाणे खाऊ लागला. दोन्ही गाल भरून. ठकूबाईनं ते पाहिलं. हात गळून चालले होते, डोकं शाबूत होतं.

“महाराज,” ती गोड आवाजात म्हणाली, “स्थैर्यावर दोन शब्द बोला की. जनता आतुरली आहे.”

असं कुणी म्हटल्यावर थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं. “बंधू आणि भगिनींनो,” म्हणताच तोंडातून फुटाण्यांचा सडा पडला. एक हौसाच्या उघड्या तोंडात गेला. तिनं चावला, गिळला, मुठी सुटल्या, आणि तिनं पिल्लू कवटाळलं. ठकूबाईचे हात अखेर खाली आले.

भाषण रंगलं. ‘परंपरा’ शब्दाला चार माकडं सुटली, ‘बलिदान’ला सहा. आता ‘हात पुढे’ ही हाळी ठकूबाईनं द्यायची होती. तिला नेमकी जांभई आली.

शेवटची मूठ उघडली तेव्हा महाराजांचं वाक्य अर्ध्यावर होतं. उरलेलं त्यांनी गव्यांच्या शेणात पूर्ण केलं.

सदोबानं घसा साफ केला आणि दवंडी दिली: महाराज स्वेच्छेनं जनतेत उतरले आहेत.

“उतरलेत ते बरं झालं,” ठकूबाई नातवाच्या अंगावरची धूळ झटकत म्हणाली. “आता जरा चालून दाखवा म्हणावं.”

तेव्हापासून त्या रानातले महाराज चालतात. दर पाच वर्षांनी, मतदानाच्या आधीच्या पंधरवड्यात, फुटाणे वाटत.