राहीआईनं चाललेली शीव

तुमच्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तांबुळखेड्याला भलंमोठं गायरान होतं. साऱ्या गावाची गुरं तिथं चरायची आणि ती राखायची राहीआई. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक लेक हरबा. त्याला तिनं गुरांमागं फिरूनच वाढवला.

ते गायरान रंगोजी पाटलाच्या डोळ्यांत भरलं. त्यानं एक तुकडा मेव्हण्याला दिला, एक व्याह्याला दिला, आणि ओढ्याकाठचा स्वतः घेऊन आमराई लावली. सगळ्यांचे पट्टेही करून घेतले. आमराईला लागून शिवेवरचा एक तुकडा मात्र हरबाला दिला. हरबानं तिथं घर बांधलं. राहीआईला वाटलं, पाटलाला दया आली. दया कसली डोंबलाची! गायरानाची शीव तिला पाठ होती, म्हणून तिचं तोंड बांधलं होतं.

चाऱ्यावाचून गुरं मरायला लागली, तेव्हा गावानं बोंब ठोकली. मामलेदार आला. तेव्हाचा रिवाज असा, की शिवेचा तंटा झाला तर गावातल्या जुन्या माणसानं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन शीव चालायची. त्याच्या पावलांच्या आत जी जमीन येईल ती गायरानाची, तिच्यावरचा पट्टा रद्द. पाऊल खोटं पडलं तर ढेकूळ जड होऊन मान मोडते, असं म्हणतात.

गावानं राहीआईला पुढं केलं. पाटील हसून म्हणाला, "चाल म्हातारे, पण लेकाच्या घराकडं बघून चाल."

ती चालत चालत हरबाच्या घरापाशी आली. दारात सून उभी, कडेवर तान्हं. हरबानं तिचे पाय धरले. "आये, अलीकडनंच वळ. लेकरू उघड्यावर पडंल माझं."

राहीआईचं काळीज तुटलं. पण ती वळली नाही. रडत रडत दारातून आत शिरली, नातवाच्या झोळीखालून वाकून गेली, आणि समोरची भिंत आपोआप दुभंगली, असं म्हणतात. पुढं आमराईच्या पार पलीकडच्या बांधावरनं ती फिरून आली, तेव्हा ढेकळावर हिरवंगार गवत उगवलं होतं.

मामलेदारानं सगळे पट्टे रद्द केले. हरबाचं घर त्याच दिवशी पाडलं. आमराईला तेवढा मोहोर होता. "आंबे उतरले की मोकळी करा," मामलेदार म्हणाला. आंबे उतरले, पुन्हा मोहोर आला, मामलेदार बदलून गेला. मेव्हण्या-व्याह्यांचे पट्टेही मागल्या दारानं परत आले. आहे की नाही न्याय!

हरबा बायकोपोरासकट गाव सोडून निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "गावाची आई झालीस, माझी नाही."

तो पुन्हा फिरकला नाही. राहीआई रोज आमराईच्या कुंपणाशी उभी राहून ओरडायची, "खाली करा!" गाव ऐकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. एक दिवस ती दिसली नाही. ती मातीतच मिसळली, असं म्हणतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तांबुळखेडं अजूनही तिच्या नावानं शीव चालतं. हलगी वाजते, गुलाल उधळतो, आणि ढेकूळ डोक्यावर घ्यायचा मान पाटलांच्या घरचा. हरबाच्या पडक्या जोत्यावर सगळे माथा टेकतात. मग आमराई दिसली की पाटील वळतात आणि त्यांच्यामागं सगळं गाव वळतं. शीव इथवरच होती, असं म्हणतात.