तीन पाखरांची राणी

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. लग्नाला आठच दिवस झाले होते, आणि आपली राणी कोण, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

"बाई, आपण कुणाच्या?" तो रोज विचारी.

"आपलीच," तुंगा राणी म्हणे.

"पुरावा?"

आठव्या दिवशी तिनं मेंदीचे हात पुढे केले. "मेंदी कुणीही काढून घेतं," राजा म्हणाला. "आज सूर्यास्तापर्यंत ओळख पटली नाही, तर वेशीबाहेर."

तुंगा गप्प बसली. पण नव्या घरात गप्प बसणारीला फार दिसतं. राजाच्या खांद्यावर एक करडं पाखरू होतं. तसंच द्वारपालाच्या, तसंच सासूबाईंच्या. दरबारातून हाकललेल्या भस्मांगद जादूगारानं ती सोडली होती: बे, निर् आणि अन. एकेकटी असली की त्यांना काही अर्थ नसे. माणसाच्या मनातल्या शब्दाच्या पुढ्यात बसली की शब्दच पालटे, आणि माणूसही. द्वारपाल बेइमान झाला होता, सासूबाई निर्दय, आणि राणी अनोळखी.

"ऊठ," तुंगा द्वारपालाच्या खांद्यावरच्या बे पाखराला म्हणाली.

"बसायला दुसरा शब्द दे," पाखरू म्हणालं. " मात्र तो इथल्याच कुणाच्या मनातला हवा."

द्वारपालाला सात लेकींची फिकीर होती. बे तिच्यावर जाऊन बसलं. बेफिकीर द्वारपालानं चोरलेल्या किल्ल्या परत केल्या आणि शीळ घालू लागला.

सासूबाई दिवसातून चारदा लेकाच्या दालनात डोकावून जात. सून आली, आता लेक दुरावेल, हे त्यांचं भय. निर् त्या भयावर बसलं.

"सूनबाई, जेवलीस का?" सासूबाईंनी आठ दिवसांत पहिल्यांदाच विचारलं.

तिसरं हलेना. "तूच भस्मांगदाची नसशील कशावरून?" ते म्हणालं.

सूर्य टेकला. दारात उभ्या तुंगेजवळ राजा आला. "खरं सांगा, कुणी पाठवलं? मोल काय ठरलं? दुप्पट देतो, पण जा."

"बस त्या मोलावर," तुंगा हळूच म्हणाली.

पाखरू उडालं. राजा तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या अनमोल माणसाला आपण किंमत विचारली, हे त्याला उमगलं. "तुंगे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दारात का उभी?"

"आपण कोण?" तिनं विचारलं. तेवढं तिनं विचारलंच.

भस्मांगद पिंजरा घेऊन पाखरं न्यायला आला. नव्या जागा सोडून एकही गेलं नाही. त्याला वेशीबाहेर सासूबाईंनीच घालवलं. त्यांना आता भय नव्हतं.

तेव्हापासून त्या राज्यात दारी आलेल्याला आधी पाणी देतात, नाव मग विचारतात.