धुरपानं गिळलेले शब्द

फार फार वर्षं झाली. तेव्हा सुळखिंडीतून गाडीरस्ता नव्हता. बैलांच्या खुरांनी पडलेली एक वाट होती आणि त्या वाटेनं कोकणातून मिठाचे तांडे घाटावर यायचे. खिंड उतरली की निंबळी गाव, आणि गावातलं अगदी पहिलं घर सिदबा सणगराचं. सिदबा घोंगड्या विणायचा. त्याची बायको धुरपा लोकर पिंजायची, सूत कातायची, सुताला लावायला चिंचोक्याची खळ शिजवायची आणि दिवसभर वैतागायची.

वैतागणार नाही तर काय करील? खिंडीतला वारा हाडं फोडणारा. उतरून येणारा जो तो कुडकुडत पहिल्याच दारात उभा राहायचा. सिदबा मागावरून उठायचा, एक घोंगडी काढायचा आणि त्याच्या खांद्यावर टाकायचा. बोलणं नाही, चालणं नाही. धुरपानं बाजारासाठी ढीग रचावा आणि बाजाराच्या दिवशी ढिगाच्या जागी नुसती सारवलेली जमीन दिसावी.

“अवो, घरात काय हाय ते तरी बघा!” ती म्हणायची. “पाणी मडक्यात, पीठ मडक्यात, मीठ फुटक्या मडक्यात! लोकांच्या घरी तांब्याचे हंडे हायती.”

सिदबा लोकरीवरून हात फिरवायचा, विचार करायचा आणि बऱ्याच वेळानं म्हणायचा, “मडक्यातलं पाणी गार ऱ्हातं.”

आता ह्यावर माणसानं काय बोलावं! असं म्हणतात, की सिदबा जन्मात कुणाला टाकून बोलला नाही, आणि त्याच्या वाट्याचं सगळं धुरपा बोलून घ्यायची. मागणाऱ्याला बोलायची, शेजारणीला बोलायची, शेळीला आणि ओल्या सरपणालाही बोलायची. घोंगडी सिदबा द्यायचा आणि शिव्या धुरपा. घेणारा दोन्ही घेऊन पुढं जायचा.

एका पौषात धुरपा विहिरीवरून आली, तर एक म्हातारा वेशीकडे निघालेला. त्याच्या अंगावर काळीभोर घोंगडी. ती तिच्या आईनं तिला लग्नात दिलेली. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक होतं. घागर तिथंच आदळून ती आत आली आणि नवऱ्यावर ओरडली, “झडू देत तुमचे हात! देणारे हातच झडू देत, म्हंजे सुटंन मी एकदाची!”

सिदबानं मान खाली घातली. एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागावर बसला, तर बोटं उघडेनात. वाळलेल्या पानासारखी आत वळलेली. वैद्यानं तेल चोळलं, भगतानं अंगारा लावला, काही उपयोग झाला नाही. गावातल्या बायका धुरपाला बघून पदर सावरायला लागल्या. काळजिभी आहे, वाईट बोलेल ते खरं होतं, म्हणाल्या. ती रोज नवऱ्याचे हात आपल्या हातात धरून म्हणायची, “बरे व्हा, बरे व्हा.” पण हात काही बरे होईनात. आणि सिदबा तिला रागावेना. तो रागावला असता तर तिला उत्तर देता आलं असतं, निदान भांडून रडता आलं असतं. हा माणूस नुसता बघायचा आणि म्हणायचा, “जेवलीस का?”

शेवटी धुरपानं मनाशी ठरवलं. जे खरं व्हावं असं वाटतं तेवढंच बोलायचं, बाकीचं गिळायचं.

पोट तर भरायला हवं होतं, म्हणून ती स्वतःच मागावर बसली. तेव्हा बायका मागावर बसत नसत. लोक दारात उभे राहून बघायचे, हसायचे, सल्ले द्यायचे. शेजारची कोंडाबाई तर रोज येऊन विचारायची, “जमतंय का गं?” धुरपाच्या जिभेवर असा शब्द यायचा, असा यायचा! ती ओठ घट्ट मिटायची, धोटा फेकायची आणि लाकडी पट्टीनं धागा दाणकन ठोकायची. कोंडाबाई जाईपर्यंत चार बोटं घोंगडी पुढं सरकलेली असायची.

असं म्हणतात, की तिच्या घोंगडीइतकी घट्ट वीण पुढं कुणालाच साधली नाही. वरून पाणी ओतलं तर थेंब आत जात नसे. आणि ती पांघरली की शेकोटीजवळ बसल्यासारखं वाटायचं. एवढा राग कुठंतरी जायलाच हवा होता, तो घोंगडीत गेला.

पण एक मोठीच अडचण झाली. मागणारे यायचे थांबले नव्हते. पूर्वी निदान त्यांना शिव्या देता यायच्या. आता जीभ बांधलेली. दारात कुडकुडणाऱ्या माणसाला ‘चालता हो’ म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं काय? काहीच सुचत नसे, आणि तेवढ्या वेळात हात घोंगडीकडे जायचा. देऊन झालं की ती कपाळावर हात मारून घ्यायची. आपणही त्याच वाटेला लागलो की! त्याहून चमत्कारिक म्हणजे, घेणारा वळून बघायचा तेव्हा तिला आत कुठंतरी हलकं हलकं वाटायचं, जेवण गोड लागायचं, पडल्या पडल्या झोप लागायची. ह्याचाही तिला वैताग यायचा. हे काय नवीनच, असं वाटायचं.

पुढच्या साली माघात खिंडीत गारांचं वादळ झालं. भरदुपारी अंधारून आलं. मिठाच्या तांड्याचा नाईक धावत खाली आला. दाढीत गारा अडकलेल्या, अंगावर कोकणातलं पातळ धोतर.

“बाई, बायापोरं वर अडकलीत. बैल बसलेत, उठत न्हाईत. एक तर कालची बाळंतीण हाय. घोंगड्या द्या!”

घरात घोंगडी होती एकच, मागावर. ती दिली की बदल्यात गावचा तांबट हंडा देणार, असं ठरलेलं. धुरपाला इतका राग आला! माघात घाट चढणाऱ्या नाईकाचा आला, आभाळाचा आला, आणि कोपरांत सरपणाचा भारा दाबून खिंडीत निघायला दारात जाऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याचाही आला. तिनं तो गिळला. विळा घेतला, मागावरचे धागे कापले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि खिंड चढायला लागली.

वर माणसं दगडांना चिकटून बसलेली. लेकरांचं रडणंही थांबलेलं. धुरपानं बाळंतिणीवर घोंगडी टाकली. शेजारी एक म्हातारी होती, तिच्यावर टोक ओढलं. टोक पोचलं, तरी घडी उरलीच. पलीकडच्या दोघांवर ओढलं, तरी उरली. ओढावी तशी घोंगडी येत गेली, येत गेली. खांदे भरून आले, तळहात सोलले, आणि धुरपाच्या तोंडातून वर्षभरानं पहिला वैतागाचा शब्द सुटला.

“आता ही संपणार तरी कधी!”

त्याच क्षणी घोंगडी थांबली. अर्धा तांडा उघड्यावर, गारांत.

धुरपानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग हात काढले, घोंगडीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, “न्हाई बाई, चुकले. संपू नगंस. समद्यांना पुर.”

असं म्हणतात, की त्यानंतर घोंगडी नदीसारखी वाहिली. माणसांवरून गेली, बैलांवरून गेली, मिठाच्या गोण्यांवरून गेली. पलीकडून कुणीतरी ती जोरानं ओढत होतं. धुरपानं मान वर केली, तर तो सिदबा होता. दोन्ही मुठींत घोंगडी घट्ट धरलेली.

“धुरपे, तिकडं वढ!” तो ओरडला.

वादळ ओसरलं तेव्हा तांड्यातलं एकही माणूस दगावलं नव्हतं. धुरपा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. त्याची बोटं उघडून बघितली, मिटून बघितली. तिनं ‘समद्यांना पुर’ म्हणताच ती मोकळी झाली होती.

“त्या दिवशी मला एक शब्द तरी बोलायचा हुता तुमी!” ती म्हणाली. “वरीस काढलं मी जळत!”

सिदबानं विचार केला. “सुचलाच न्हाई,” तो म्हणाला.

तेव्हा धुरपा हसली. ते हसू खाली निंबळीत ऐकू गेलं आणि लोकांना वाटलं, दरड कोसळली. पुढं ती म्हातारी होईतो मागावर बसली. हंडा काही घरात आला नाही. विणलेलं देत राहिली, वैतागतही राहिली, आणि तिच्याइतकं सुखानं कुणी जगलं नाही असं म्हणतात.

आजही पौष लागला की निंबळीत घरटी लोकर गोळा होते आणि एक घोंगडी विणली जाते. ती वर खिंडीतल्या दगडावर नेऊन ठेवतात, ज्याला लागेल त्यानं न्यावी. नेऊन ठेवायचा मान गावातल्या सगळ्यांत चिडक्या माणसाला. दर साली पंच नाव पुकारतात, आणि तो माणूस “मी कुठं चिडका?” असं इतक्या जोरानं ओरडतो की पंचांना दुसरं नाव शोधावं लागत नाही. मग तो मुकाट्यानं खिंड चढतो, मुकाट्यानं उतरतो. सगळं गाव वेशीवर त्याची वाट बघत उभं असतं, कारण उतरून आल्यावर तो जे पहिलं बोलेल ते खरं होतं, असं म्हणतात.

मागच्या साली मान भागूबाई परटिणीला होता. ती आली, धापा टाकत थांबली, सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून रागानं बघितलं. मग ती हात उडवून म्हणाली, “चालू द्या तुमचं!”

तर चाललंय.