लिंपणाऱ्याचे हात

पूर्वी केतुमती नगरात दंडसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व हिंगुळाच्या भट्ट्यांवर मुकादम होते. हिंगूळ हा तांबडा दगड. तो तापवला की त्यातला पारा वाफ होऊन उठतो आणि वर पालथ्या घातलेल्या मडक्यात थेंबाथेंबाने साचतो. मडक्यांचा सांधा मातीने लिंपायचा, भट्टी पुरती निवू द्यायची आणि मगच तो फोडायचा. ऊन मडके फोडले तर ती वाफ माणसाच्या छातीत जाते. म्हणून भट्टीवाल्यांचा दंडकच होता, ज्याने लिंपले त्यानेच फोडायचे. स्वतःच्या जिवावर बेतणार म्हटल्यावर घाई कोण करतो?

राजाला मात्र घाई होती. राजवाड्याच्या तांब्याच्या कळसावर सोन्याचा मुलामा चढवायचा होता आणि त्याला पारा लागतो.

"मडकी ऊन असतानाच फोडा. तुला एक गाव इनाम देतो," तो बोधिसत्त्वांना म्हणाला.

"गाव नको, महाराज. माणसे मरतील."

"मग दुसरी आण. उद्या पारा आला नाही तर भट्टीवाल्यांची घरे पेटवून देईन."

असे राजे असतात, आणि त्यांचे कळस लांबून फार सुंदर दिसतात.

त्या दिवशी लिंपायची पाळी उत्पली नावाच्या बाईची होती. तिचा नवरा याच वाफेने हातपाय लटलट कापत मेला होता. ती रडत रडत माती कालवत होती. बोधिसत्त्वांनी तिच्यापुढचे घमेले ओढून घेतले.

"ऊठ, बाई. सगळ्यांना घेऊन लांब जा."

"बाबा, तुम्ही लिंपलेत तर फोडावेही तुम्हालाच लागेल."

"म्हणूनच लिंपतोय," ते म्हणाले.

सगळे सांधे त्यांनी एकट्याने लिंपले आणि ऊन असतानाच एकट्याने फोडले. पारा राजवाड्यात पोचला. बोधिसत्त्वांच्या हिरड्यांतून रक्त वाहू लागले. हात इतके कापत की उत्पलीच त्यांना पेज भरवी. थोड्याच दिवसांत ते गेले. कळस झळाळला, पण पारा कोणी काढला हे राजाने विचारलेही नाही.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. विहाराच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा कळस देऊ करणारा सिरिवड्ढ श्रेष्ठी समोर बसला होता.

"त्या वेळची उत्पली म्हणजे आजची ही भिक्षुणी विशुद्धा. मुकादम मी होतो. आणि श्रेष्ठी, तो राजा तू होतास."

सिरिवड्ढाने कळसाचा बेत सोडून दिला. विहाराचे शिखर विटांचेच राहिले.

"दान म्हणतात," शास्ते म्हणाले, "ते त्या मुकादमाने केले त्याला."