चंद्रीची आरती

फार फार पूर्वी म्हणावं, तर तेव्हा मोटारी नव्हत्या. म्हणून नुसतं पूर्वी म्हणू या.

तर पूर्वी एका उंच डोंगरावर एक गाव होतं आणि त्या गावात एकच मोटार होती. गावानं तिचं नाव ठेवलं होतं चंद्री. आजारी माणूस असो की अडलेली बाई, चंद्रीच त्यांना घाट उतरून खालच्या दवाखान्यात न्यायची. ती यायच्या आधी माणसं डोलीतून जायची, आणि सगळीच काही पोचायची नाहीत.

चंद्री चालवायचा कोंडाजी. त्याचा तिच्यावर भारी जीव. ती गावात आली त्याच दिवशी त्यानं एक रीत पाडली. सकाळी गाडी सुरू करण्याआधी तिची आरती करायची. तिचे पुढचे दिवे लावायचे, ते निरांजन. हॉर्न वाजवायचा, ती घंटा. आणि आरतीला आलेल्या प्रत्येकानं ती घंटा एकदा तरी वाजवायची. गावाला ही रीत अशी काही आवडली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा रांग लावावी.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि थंडी पडली. डोंगरावरची थंडी ती, दातावर दात आपटवणारी! आणि चंद्री रुसली. सकाळी किल्ली फिरवली की नुसती कण्हायची, "घुर्र... घु..." आणि गप्प. मग अर्धं गाव तिला उतारापर्यंत ढकलत न्यायचं, तेव्हा कुठे ती धडधडायची. एकदा सुरू झाली, की मग दिवसभर पठ्ठीला काही म्हणता काही होत नसे.

आता गावाला औषधं सुचायला कितीसा वेळ लागतो? कोणी म्हणालं, दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांधा. कोणी म्हणालं, पेट्रोल गारठलंय, टाकी शेकोटीवर शेका. तेवढं एक कोंडाजीनं ऐकलं नाही, म्हणून गाव शाबूत राहिलं! त्यानं घरातल्या गोधड्या चंद्रीला पांघरल्या आणि स्वतः कुडकुडत निजला. खालून मिस्त्री बोलावला. मिस्त्री घाट चढून येईतो दुपार झाली. त्यानं किल्ली फिरवली आणि चंद्री एका दमात सुरू. "ठणठणीत आहे की हो!" असं म्हणून तो चहा प्याला आणि गेला. आता बोला!

शेवटी पाटील म्हणाले, "आपली भक्ती कमी पडतेय. आरती वाढवा." एका आरतीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. चंद्री आणखीच कण्हू लागली. एकदा ढकलताना ती दवानं ओल्या उतारावरून घसरली आणि दरीच्या तोंडाशी एका धोंड्याला अडली. तेव्हा पाटलांनी सांगून टाकलं, "आता ढकलणं बंद. ऊन चढलं की चंद्री आपली आपण सुरू होते, तेव्हाच तिला काढायची. सकाळी कोणी अडलं-नडलं, तर आपली डोलीच बरी."

हे ऐकलं आणि कोंडाजीच्या जिवाला घोर लागला. त्याची एकुलती एक लेक मैना बाळंतपणाला आली होती आणि तिचे दिवस भरले होते. मैनेची आई अशाच एका बाळंतपणात डोलीतून निघाली होती. घाट अर्धाही उतरला नव्हता, तोच ती गेली.

मैना अंथरुणावर पडल्या पडल्या रोज एक गोष्ट पाहत होती. चंद्री दाराशीच उभी असे आणि तिच्या दिव्यांचा उजेड खिडकीतून भिंतीवर पडे.

"आबा, एक विचारू?" ती म्हणाली. "पहिल्या आरतीला ही भिंत पिवळीधमक असते. शेवटच्या आरतीला तांबूस, अंधुक होते. आणि तुमची ती घंटा! आधी बैलासारखी डुरकते आणि शेवटी शेळीसारखी बें करते. उठायच्या आधीच तुम्ही तिला दमवता का हो?"

कोंडाजी हसला. "खुळी का काय! उन्हाळ्यातही आरती होतीच की. तेव्हा नाही ती दमली?"

"उन्हाळ्यात तुम्हीही पहिल्या हाकेला उठायचात, आबा. आता उठता का?"

कोंडाजीचं हसू मावळलं. बॅटरी म्हणजे गाडीची शिदोरी. दिवे तीच खातात, हॉर्न तीच खातो आणि गाडीला जाग यायलाही तीच लागते. दिवसभर पळून गाडी ती पुन्हा भरून घेते. पण थंडीत त्या शिदोरीचा जोर आधीच निम्मा होतो, आणि उरलेला जोर गाव आरतीत संपवत होतं. रीत पाडली कोणी? आपणच! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या पाटलांच्या कानावर घालू, असं त्यानं ठरवलं.

पण उजाडता उजाडता मैनेला कळा सुरू झाल्या.

गाव गोळा झालं. कोंडाजीनं मैनेला चंद्रीच्या मागच्या सीटवर बसवलं. एकीकडे डोली सज्ज, दुसरीकडे पाटील आरतीचं ताट घेऊन उभे. "कोंडाजी, दिवे लाव."

"नाही पाटील. आज दिवे नाहीत आणि घंटाही नाही."

"अरे, शुद्धीवर आहेस का? आज नेमकी आरती चुकवतोस? पोरीचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

कोंडाजी गाडीत बसला, पण त्याचा हात किल्लीवरच थांबला. चुकलो तर? मागच्या सीटवरून मैना कळ सोसत ओरडली, "आबा, फिरवा ना किल्ली!"

त्यानं डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. घुर्र... घुर्र... घर्रर्रर्र! चंद्री जागी झाली. पाटील ताट घेऊन तसेच उभे राहिले आणि गाडी घाटाच्या वळणाआड दिसेनाशीही झाली.

संध्याकाळी चंद्री परत आली. कोंडाजी खाली उतरला तो रडत रडतच हसत होता. "मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!"

पाटलांनी हळूच विचारलं, "मग आता तरी आरती करू देशील का रे बाबा?"

"करा की! दिवसभर पळून आलीय, आता शिदोरी भरलेली आहे. वाजवा किती वाजवायचं ते!" कोंडाजीनं इंजिन सुरूच ठेवलं आणि दिवे लावले. पहिली घंटा पाटलांनी वाजवली, आणि ती शेवटपर्यंत बैलासारखीच डुरकली.

तेव्हापासून त्या गावात चंद्रीची आरती होते ती संध्याकाळी, ती घरी परतल्यावर.

तात्पर्य : उपाय वाढवूनही दुखणं वाढतच असेल, तर आधी उपायच तपासून पाहावा.