बटणाला दिलेलं दान

फार जुनी गोष्ट आहे. एका दुपारी बरोबर सव्वातीनला ओसरीवरचा तांब्या कलंडला. तिथे खडूने डाव आखला होता आणि मधलं घर म्हणजे उंच लाकडी पाट. सोंगट्यांपैकी बांगडीचा तुकडा, खडा आणि शंख घरात पोचले होते. इवलंसं बटण मागे राहिलं, आणि पाणी त्याच्याकडेच येत होतं.

“गेलं ते मोरीत! आपण जिंकलो,” खडा म्हणाला.

“गप रे मेल्या! माझं दान त्याला द्या,” बांगडी ओरडली.

दान पाडणाऱ्या चिंचोक्यांनी असं कधी ऐकलंच नव्हतं. तरी ते पडले. मग शंखाने आपलं दान दिलं, शेवटी खड्यानेही. बटण टुणकन पाटावर चढलं, आणि खालच्या सगळ्या रेघा पुसत पाणी निघून गेलं.

हरलं कोण, हे चिंचोक्यांना सापडेचना!

पोरं डाव मांडतील तिथे एवढी गोष्ट सांगा गं, बायांनो.