साळिंदराने लपवलेली पाने

डोंगराच्या पायथ्याशी एक रान होते. तिथे एका जुन्या पळसाखाली जनावरांच्या पोरांची शाळा भरत असे. एक म्हातारे सांबर त्या शाळेचे गुरुजी होते. मोठ्या वर्गात नाना तऱ्हेचे विद्यार्थी होते. पहिल्या रांगेतला पोपट गुरुजींचे वाक्य संपते न संपते तोच ते म्हणून दाखवी. मोराचे निम्मे लक्ष स्वतःच्या पिसाऱ्याकडे असे. कोल्हा फक्त परीक्षेत काय येणार तेवढे विचारून घेई आणि मग डुलक्या काढी. माकडे वरच्या फांदीवर बसून खालच्यांच्या डोक्यावर बिया टाकत. आणि सगळ्यांच्या मागे, काटे मिटून, एक साळिंदर बसत असे. त्याला शाळा मनापासून आवडत असे. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसे वाटणार नाही.

त्या शाळेची एक रीत होती. ज्याला धडा समजला नसेल त्याने पळसाचे एक पान उचलून गुरुजींच्या पायाशी ठेवायचे. बोलायचे काही नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी तो धडा पुन्हा सांगत. ही रीत लाजऱ्या पोरांसाठीच काढलेली होती. पण पान ठेवायला जायचे तर साऱ्या वर्गामधून जावे लागे. एकदा एका घोरपडीने पान ठेवले, तर माकडे महिनाभर तिला "पानवाली, पानवाली" म्हणत होती. तेव्हापासून कोणी पान ठेवले नाही. साळिंदर रोज पान उचली, पण पाऊल उचलायच्या आतच त्याचा धीर सुटे. मग ते पान काट्यांत खोचून घरी नेई. बिळात पानांचा ढीग झाला. आईने विचारले तेव्हा ते म्हणाले, "अंथरायला आणलीत."

एके दिवशी गुरुजींनी दलदलीचा धडा घेतला. दगडावर दोन हिरवे झुबके ठेवून ते म्हणाले, "दलदलीत एक हिरवं पाय पेलतं आणि एक हिरवं पाय गिळतं. नीट बघून ठेवा." साळिंदराच्या पुढे मोराचा पिसारा होता. त्याला दगडही दिसला नाही. पोपटाने ते वाक्य तीनदा घडाघडा म्हटले. "समजलं?" गुरुजींनी विचारले. "समजलं," सगळा वर्ग म्हणाला. साळिंदरही म्हणाले. 'कोणतं?' एवढा एकच शब्द विचारायचा होता. त्या दिवशीचे पानही बिळात गेले.

आठवड्याने पार नेण्याचा दिवस आला. मोठ्या वर्गातल्या प्रत्येकाने पहिलीतल्या एकेकाला दलदलीपलीकडच्या बोरांच्या बनात न्यायचे, मगच त्याचे शिक्षण पुरे झाले असे धरत. पहिली पाळी साळिंदराची निघाली. त्याच्या वाट्याला एक ससुला आला. तो पुढे पुढे उड्या मारत म्हणाला, "दादा, तुला वाट येते ना?"

साळिंदराने मागे पाहिले. काठावर सगळा वर्ग उभा होता. "येते की," ते म्हणाले.

थोडे आत गेल्यावर वाट दुभंगली. एकीकडे लव्हाळ्याचे खरखरीत ठोंब होते, दुसरीकडे मऊ, चकचकीत हिरवळ. साळिंदराला हिरवळ बरी वाटली.

"इथे टाकू पाय?" ससुल्याने विचारले.

"टाक," साळिंदर हळूच म्हणाले.

ससुला छातीपर्यंत आत गेला. साळिंदराने पंजा लांबवला, तो पुरेना. पाठ पुढे केली, तर काटेच ससुल्याला टोचले. शेवटी, ज्या माकडांना सगळे वाया गेलेली म्हणत, त्यांनी एकमेकांना धरून दलदलीवर झुकलेल्या फांदीवरून साखळी सोडली आणि ससुल्याला कानांना धरून वर ओढले.

गुरुजी धावत आले. "तिथे पाय टाकायला कोणी सांगितलं?"

चिखलाने माखलेला ससुला कुडकुडत होता. त्याने एकदा साळिंदराकडे पाहिले. "कोणी नाही, गुरुजी. माझाच पाय घसरला."

निदान तेव्हा तरी साळिंदराने तोंड उघडायचे होते. त्याने उघडले नाही. ते मागच्या मागे घरी गेले आणि शाळेत यायचे बंद झाले.

चार दिवसांनी ससुला बिळाच्या तोंडाशी आला. "दादा, आमच्या वर्गात सगळे विचारतात, पाय पेलणारं हिरवं कोणतं? तू सांग ना. तुझं नाव मी कुठेच घेतलं नाहीये."

साळिंदराने पानांच्या ढिगात तोंड खुपसले. आतून आवाज आला, "मला माहीत नाही रे. तेव्हाही नव्हतं."

"मग 'टाक' का म्हणालास?"



दुसऱ्या दिवशी बिळातली सगळी पाने काट्यांत खोचून ते शाळेत आले आणि वर्गाच्या मधून चालू लागले. "अख्खा पळस चालत आला की रे," वरून एक माकड म्हणाले. साळिंदर थांबले नाही. गुरुजींच्या पायाशी त्याने सारा ढीग ठेवला.

"गुरुजी, ससुला घसरला नव्हता. मीच त्याला टाक म्हणालो. मला दोन हिरव्यांतलं काहीच कळलं नव्हतं."

गुरुजी ढिगाकडे पाहत राहिले. "ही सगळी तुझीच?"

"हो."

"मग चूक माझीही आहे. पान येईना, तर मला वाटलं मी फार चांगला शिकवतो." त्यांनी दोन्ही झुबके पुन्हा दगडावर ठेवले आणि साळिंदराला जवळ बोलावून त्यांवर पंजा ठेवायला लावला. "हे खरखरीत आहे, मुळं रोवून उभं आहे, हे पेलतं. हे मऊ नुसतं वर तरंगतं, ते गिळतं."

 तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या पोपटाने मान पुढे काढली आणि अगदी हळू विचारले, "गुरुजी, पेलणारं कोणतं म्हणालात?"

तात्पर्य : न समजलेले लाजेपोटी लपवले, तर त्याची झळ आपल्यापेक्षा आपल्यावर विसंबून चालणाऱ्याला आधी लागते.